थडी पायथ्यापासून खचते

आपला प्रश्न असा आहे की, वर्धा नदीच्या वळणावरचे वावर दर पावसाळ्यात थोडे थोडे तुटत आहे, तर धुऱ्यावरून दगड ओतल्यास ते थांबेल काय. माझ्या मते नुसत्या वरून ओतलेल्या दगडाने ते थांबणार नाही.

वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठाला असतो. तो आधी पायथा उकरतो, तिथे डोह पडतो आणि वरची माती निराधार होते. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मे महिन्यात काठाला समांतर पडलेल्या एका भेगेत मी पऱ्हाटी (कापसाच्या झाडाची वाळलेली काडी) सोडली, तर ती अख्खी आत गेली. पावसात याच भेगांतून पाणी मुरते. त्यामुळे दरड पुष्कळदा पूर ओसरताना कोसळते, कारण मातीतले पाणी तसेच राहते आणि बाहेरून तिला रेटून धरणारे नदीचे पाणी मात्र झपाट्याने उतरते.

म्हणून काम पायथ्यापासून सुरू करावे. उभा काठ छाटून 1 फूट उंचीला किमान 2 फूट पसरेल असा उतार द्यावा, त्यावर जाड रेती व मुरमाचा थर किंवा जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड) अंथरावे आणि मग दगड रचावेत. हा थर नसला की दगडांच्या फटींतून माती निघून जाते. पायथ्यापुढे नदीपात्रातही दगडांचा पट्टा आडवा अंथरावा, म्हणजे तळ खोल गेला तरी तेच दगड घसरून खड्ड्यात बसतात. आमच्या गावाजवळ जाळीतल्या दगडांची भिंत असा पट्टा न घालता बांधली गेली. दुसऱ्याच पावसाळ्यात ती नदीकडे कलली, आणि ते पाहून मला फार वाईट वाटले.

पुराची पातळी वारंवार पोहोचते त्या वरच्या उतारावर वाळा, निरगुडी, करंज आणि बांबू लावावेत. खालच्या पायथ्याचे काम मुळे करू शकत नाहीत. कड्याच्या अगदी टोकाला मोठे झाड नको. पायथा गेला की ते आपल्या वजनासह मातीही घेऊन पडते.

जवळच्या रेतीघाटातून बेसुमार उपसा होत असेल, तर पात्राचा तळ खचत जातो आणि ही खोली प्रवाहाच्या वरच्या दिशेलाही सरकते. तो उपसा थांबल्याशिवाय कोणतेही बांधकाम टिकणार नाही, ही बाब ग्रामसभेत अवश्य मांडावी. पाण्यात आडवे ठोकर, म्हणजे प्रवाह वळवण्यासाठी काठापासून पात्रात काढलेले बांध, बांधण्याचा विचार असेल, तर पाटबंधारे विभागाच्या अभियंत्याकडून आखणी व परवानगी घेतल्याशिवाय हात घालू नये, कारण चुकीचा ठोकर समोरच्या थडीवरच्या शेतकऱ्याचे वावर तोडतो.

मृगाआधी काठापासून मोजून काही खुंट्या ठोका आणि दिवाळीत पुन्हा मोजा. जिथे सर्वांत जास्त तुटले असेल, तिथून आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूला त्याच्या थोडे आधीपासून काम धरा.