कड्यातला आकडा आणि खरे वाचक

पेपर छापून आल्यापासून तू तासातासाला ऑल्टमेट्रिक, म्हणजे पेपरची ऑनलाइन चर्चा मोजणारी ती सेवा, उघडतेस, मला दिसतंय. अगं, त्या रंगीत कड्यातला आकडा म्हणजे वाचकसंख्या नव्हे. ती चर्चेची गुणांकनं आहेत: बातमीला 8 गुण, ब्लॉगला 5. मेंडेलीवर, म्हणजे संशोधक पेपर साठवतात त्या ॲपवर, किती जणांनी पेपर साठवला हे शेजारी दिसतं, पण त्या गुणांत धरत नाहीत. मला मात्र तीच नोंद मोलाची वाटते; साठवणारा बहुधा पुन्हा वाचायला येतो.

लिंक देशील तेव्हा डीओआयचीच, म्हणजे पेपरच्या कायमच्या ओळखक्रमांकाचीच दे. फॅटी लिव्हरवरच्या माझ्या पहिल्या पेपरची नुसती पीडीएफ मी इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकली. सराफ्यात गरम जिलबीचा द्रोण हातात धरून एका काकूंनी मला थांबवलं, "दारूला शिवत नाहीत हे, मग लिव्हरवर चरबी कशी?" आणि मोजणीत शून्य! व्हॉट्सॲपवरचं तिथे पोचतच नाही. फार खट्टू झाले होते मी. पण तो प्रश्न तारखेसकट वहीत लिहिला. तूही लिहीत जा.

हो, आणि 2023 मध्ये दारूशिवाय होणाऱ्या या आजाराचं वैद्यकीय नाव बदललं, एनएएफएलडीचं एमएएसएलडी झालं. उल्लेख शोधताना दोन्ही टाक, शिवाय साधं 'फॅटी लिव्हर'. बातम्यांत तेच असतं.