नवी कोल्हापुरी चप्पल पट्ट्यात आणि अंगठ्यात (म्हणजे पायाचा अंगठा अडकवायच्या चामडी कडीत) घट्ट होते. आठ दिवसांवर लग्न आहे. रात्रभर पाण्यात भिजवली तर सैल होईल का?

बादलीत अजिबात बुडवू नका. आमचे थोरले मेहुणे दर लग्नसराईत रात्रभर भिजवण्याचाच सल्ला देतात. त्यात अर्धं खरं आहे, पण उरलेल्या अर्ध्याने चप्पल वाया जाते.

अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. ते ओलं झालं की मऊ पडतं आणि ज्या आकारात वाळेल तो आकार धरतं. इथवर मेहुण्यांचं बरोबर. पण ही ओल हवी फक्त पट्ट्याला आणि अंगठ्याला. तळ म्हणजे वादीने शिवलेले जाड चामड्याचे थर. रात्रभर पाणी प्यायल्यावर ते फुगतात, शिवण ढिली पडते, कमावणीचा रंग सुटून पायाला लागतो. वर ती उन्हात वाळवली की वरचा थर आधी आखडतो आणि खालचा ओलाच राहतो. मेहुण्यांची कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) अशीच गेली: तळ होडीसारखा वळला, पट्टा कडक झाला, कानाजवळ, म्हणजे पट्टा तळाला जोडणाऱ्या बाजूच्या चामडी पाकळीजवळ, चीर पडली. चामडं हलकं निघालं असं ते आजही सांगतात. चामडं उत्तम होतं, वाळवणं चुकलं.

आठ दिवस पुरेसे आहेत, पण आजच सुरू करा. सुती फडकं कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला पंधरा-वीस मिनिटं दाबून ठेवा. चामडं गडद दिसलं आणि बोटाने सहज वाकलं की पुरे. पाणी ओघळलं तर जास्त झालं. मग पट्ट्याखाली जुन्या कापडाची गुंडाळी कोंबा, तुमच्या पायापेक्षा किंचित जाड. कानाजवळची शिवणीची भोकं लांबट दिसू लागली तर कापडाची एक घडी कमी करा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

अंगठ्यालाही तशीच ओल द्या आणि जुन्या लाटण्याची निमुळती मूठ हळूहळू फिरवत आत घालून ठेवा. इथे घाई नको. चालताना सगळी ओढ अंगठ्यावर येते, त्यामुळे जोरात ताणलात तर तो मुळाशीच तुटेल. सावलीत, पंख्याखाली किमान 24 तास वाळू द्या. हेअर ड्रायर लावू नका. असं चामडं ओलं असताना फार तापलं तर आक्रसतं आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही.

तेल लावायचं ते चप्पल पूर्ण वाळल्यावरच. आधी लावलं तर ओल आत शिरत नाही, आणि नेमका हाच क्रम लोक उलटा करतात. एरंडेलाचे चार-पाच थेंब एका चपलेला, कापसाने, फक्त आतून. खोबरेल थंडीत थिजून पांढुरकं दिसतं. रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसा, पट्टा हाताने दोन्हीकडे वाकवा. वाटीभर तेल चोळलंत तर पट्टा लवकरच लोंबायला लागेल, धूळ चिकटेल ती वेगळी. तळाच्या वरच्या बाजूला तर तेल नकोच, पाय घसरतो.

दोन-तीन दिवसांनीही घट्ट वाटली तर हेच पुन्हा करा, पण थोडी आवळ असतानाच थांबा. बाकीची पायात घालून सैल होते: रोज अर्धा तास, घरातल्या घरात. थेट वरातीत घालू नका.

हे सगळं करण्याआधी पट्ट्याच्या आतून पाण्याचा एक थेंब टाकून बघा. मुरला तर बहुधा चामडं. मोत्यासारखा वर राहिला तर बहुधा रेक्झिन, आणि त्यावर यातलं काहीच चालणार नाही. टाच मागून बाहेर येत असेल तरीही हा खटाटोप करू नका, कारण पट्टा सैल होतो, तळाची लांबी वाढत नाही. न वापरलेली आहे तोवर बदलून घ्या, आणि माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

फोड आला असेल तर तो बरा होईपर्यंत चप्पल घालू नका. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर पायात घालून सैल करायच्या भानगडीत पडूच नका, जखम झालेली कळत नाही. अशा वेळी सुरुवातीपासून नीट बसणारीच घ्या.