शिकारीची सॅक सह्याद्रीत चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांत दोन सॅक फाटल्या, म्हणून अमेरिकेतले शिकारी वापरतात तसली 1000 डेनिअरची दणकट सॅक मागवावी का? सह्याद्रीत ती दहा वर्षं टिकेल का?

आधी डेनिअरचं बघू, कारण सगळे त्या आकड्यालाच भुलतात. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. म्हणजे 1000 डेनिअरचा नऊ किलोमीटर धागा एक किलो भरतो. त्यावरून धाग्याची जाडी कळते, बाकी काही नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टरचा आकडा सारखा असला तरी घासण्याला आणि फाटण्याला नायलॉन जास्त पुरतं. मी वीसेक वर्षं आमच्या ग्रुपमधल्या फाटलेल्या सॅक शिवत आलोय. मधोमध कापड फाटलेली सॅक क्वचितच हातात आली. सॅक जाते ती सांध्यात.

नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडाहून बेलपाड्याकडे उतरताना माझा उजवा पट्टा सुटला. कापड शाबूत, बकल शाबूत. पट्टा पाठीला जिथे शिवलेला असतो तिथे एकच सरळ टीप होती, ती दाण्यादाण्याने उसवत गेली होती आणि एका मोठ्या धोंड्यावरून उडी मारताना सुटली. दोरीच्या तुकड्याने पट्टा बांधला आणि उरलेली नाळ, म्हणजे डोंगरातली ती अरुंद घळ, जवळजवळ सगळं वजन डाव्या खांद्यावर घेऊन उतरलो. चौदा किलोचं ओझं एका बाजूला झुकलं की डळमळत्या दगडांवर प्रत्येक पाऊल चुकतं. तेव्हापासून दुकानात सॅक हातात आली की मी आधी ती उलटी करतो आणि पट्ट्याचं मूळ बघतो. तिथे जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यावर असते तशी आडवी, गच्च शिवण हवी. तिला बारटॅक म्हणतात. मग आतली शिवण बघा. कापडाच्या कडा मोकळ्या दिसल्या, धागे सुटलेले असले, तर ती सॅक खाली ठेवा. कडांवर पट्टी मारून दुहेरी शिवलेली असली तर पुढचं बघा.

आता शिकारीच्या सॅककडे येऊ. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा प्रकार आपल्याला फक्त व्हिडिओत दिसतो. तिकडे रॉकी पर्वतात एल्क, म्हणजे तिकडचं मोठं हरीण, मारला की त्याचे भाग करून पाठीवरून खाली आणावे लागतात. नुसती मागची एक तंगडी हाडासकट 30 किलोच्या आसपास भरू शकते. म्हणून मोंटानात सुरू झालेल्या मिस्टरी रँचसारख्या ब्रँडच्या या सॅकमध्ये पिशवी आणि फ्रेम वेगळी करता येते, आणि मधल्या जागेत मांस पाठीला चिकटून आवळता येतं. ओझं पाठीपासून लांब गेलं की माणसाला मागे खेचतं, हे ओळखून केलेली ही रचना आहे. ती मला मनापासून आवडते. आमच्यातल्या एकीचा पाय मुरगळला होता, तेव्हा तिची सॅक दुसऱ्याच्या सॅकवर बांधून आणली. सॅक मागे लोंबत राहिली आणि त्याची कंबर दोन दिवस धरली होती. अशी फ्रेम असती तर तो त्रास वाचला असता.

तरीही तुम्हाला मी ती सुचवणार नाही. एक तर रिकामी सॅकच अडीच-तीन किलोची. दुसरं, जनावराला चाहूल लागू नये म्हणून काही सॅकचं कापड मऊ, लव असलेलं असतं, आणि आपल्या पावसात ते पाणी धरून बसतं. तिसरं रंग. झाडीत मिसळणारा रंग शिकाऱ्याला हवा. आपल्याला जुलैच्या धुक्यात पुढच्याची पाठ दिसायला हवी. केशरी किंवा लाल घ्या.

शिवाय या सॅकना बाहेरून भरपूर पट्टे आणि खिसे असतात. करवंदीच्या जाळीत ते अडकतात, एवढंच असतं तर चाललं असतं. पण अलंग-मदन किल्ल्यांसारख्या ठिकाणी कड्याला खेटून आडवं जाताना बाजूचा फुगलेला खिसा कातळाला टेकतो आणि तुम्हाला दरीकडे ढकलतो. म्हणून सॅक अंगापेक्षा रुंद नको. सह्याद्रीचा काळा कातळ बुडाला किसणीसारखा घासतो, तेव्हा बुडाचं कापड दुहेरी असू द्या. मुक्कामाच्या दोन दिवसांच्या ट्रेकला 45 ते 50 लिटर पुरे. अंगाचं कापड नायलॉनचं 210 ते 420 डेनिअर आणि बूड 500 च्या पुढे, एवढं मला भरपूर वाटतं.

माप उंचीवर घेऊ नका, पाठीवर घ्या. मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या काठाच्या रेषेपर्यंत टेप लावा. कमरपट्टा त्या हाडावर बसला तरच वजन पायांवर जातं. पोटावर बसला तर सगळं खांद्यावर. घरी आणल्यावर लेबल न काढता दहा लिटर पाण्याच्या बाटल्या भरा आणि इमारतीचे जिने अर्धा तास चढा-उतरा. दुकानात पाच मिनिटांत न कळलेलं तिथे कळतं.

रेन कव्हरवर विसंबू नका. पाठीवरून ओघळणारं पाणी कव्हरच्या आतच जातं. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, तोंड पिळून दुमडा. चेन बिघडली की बहुतेक वेळा दातांना काही झालेलं नसतं, रनर सैल झालेला असतो. तो पकडीने हलकेच दाबला की पुन्हा चालतो, नाहीतर नवा थोडक्या पैशांत मिळतो. दातांमधला चिखल जुन्या टूथब्रशने काढून वर मेणबत्ती फिरवा.

आणि एक विचारायचं राहिलं: तुमच्या त्या दोन सॅक ठेवल्या कुठे होत्या? माझी एक चांगली सॅक पावसाळ्यानंतर ओलसर असतानाच माळ्यावर गेली. वर्षाने काढली तर आतून हाताला चिकट लागत होती आणि पांढरे पापुद्रे कपड्यांवर गळत होते. आतला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर दमट उष्णतेत असाच कुजतो, मग कापड कितीही डेनिअरचं असो. आता ट्रेकहून आलो की सॅक साध्या पाण्याने धुतो, सावलीत उलटी टांगतो, आणि पूर्ण वाळली तरी चेन उघड्या ठेवून खुंटीलाच ठेवतो.

पाठीचं माप आणि जुन्या सॅक नेमक्या कुठे फाटल्या ते कळवा. पट्ट्याच्या मुळाशी उसवल्या असतील तर टाकून देऊ नका, जाड नायलॉनच्या धाग्याने त्या अजून शिवता येतील.