किल्लारीची भिंत, सांगलीचा पूर, रायगडची दरड: विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

आपत्ती व्यवस्थापनाचे प्रकल्प सुरू झाले की विद्यार्थ्यांचे प्रश्न येऊ लागतात. बहुतेकांना विषय मोठा हवा असतो: त्सुनामी, हवामानबदल, जगातले दहा महाभूकंप. माझा आग्रह वेगळा आहे. प्रश्न छोटा घ्या, आपल्या तालुक्यातला घ्या आणि जे सापडेल ते ज्यांच्या उपयोगाचं आहे त्यांच्यापर्यंत पोचवा. या वेळचे प्रश्न त्याच दिशेचे आहेत, याचा आनंद आहे.

किल्लारी भूकंपावर प्रकल्प करतेय. मृतांचा आकडा कुठे ७,९२८ मिळतो, कुठे ९,७४८. रिश्टरही कुठे ६.२, कुठे ६.४. सर म्हणतात, एकच आकडा लिही. कोणता लिहू? (बारावीची विद्यार्थिनी, उमरगा)

दोन्ही लिही आणि प्रत्येकापुढे तो कुणाचा ते लिही. ७,९२८ हा आपल्याकडचा सरकारी आकडा, ९,७४८ अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा. ६.२ आणि ६.४ हा फरक मोजण्याच्या पद्धतीतला आहे. एकाच भूकंपाचं माप वेगवेगळ्या पद्धतींनी थोडं वेगळं निघतं. असं सविस्तर लिहिलंस तर सरही नाही म्हणणार नाहीत.

पण खरा प्रश्न याच्या पुढे आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनानगरचा भूकंपही साधारण त्याच ताकदीचा आणि पहाटेचाच. तिथे मृत्यू दोनशेच्या आसपास झाले. मग लातूर-उस्मानाबादेत हजारो का? एक कारण दाट वस्तीची गावं. दुसरं कारण घराची भिंत, आणि ते तुला स्वतः तपासता येईल.

उमरग्याच्या आसपास पडका वाडा असेल तर दिवसाउजेडी, मोठ्या माणसाला सोबत घेऊन, लांब उभं राहून भिंतीची कड नीट बघ. बाहेरून दगडी आणि भक्कम वाटणारी ही भिंत मुळात दोन भिंतींची असते. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती आणि दगडाच्या कपऱ्या. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड फार कमी, कित्येकदा नसतातच. जोडाई चिखलाची. वर माळवद: लाकडी कड्या-पाट आणि त्यावर मातीचा जाड थर, जो दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला अजून वाढत गेलेला. जमीन हलली की दोन थर एकमेकांपासून फुगून सुटतात आणि सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर येतं. म्हणून भूकंपात टिकून राहिलेल्या घरांच्या मजबुतीकरणात भिंतीत आरपार काँक्रीटचे सांधे घालणं, दारं-खिडक्यांच्या वर चहूबाजूंनी पट्टा देणं आणि माळवदाची माती कमी करणं यांवर भर होता.

तुझ्यासाठी प्रश्न असा: पुनर्वसित गावांत मूळ घराला लोकांनी नंतर ज्या खोल्या जोडल्या, त्या कशा बांधल्या आहेत? दहा घरं बघ, गावातल्या जुन्या गवंड्याशी बोल. एवढ्यावर उत्तम प्रकल्प होतो.

आम्ही सांगली शहरातले अकरावीचे चार मित्र. २०१९ च्या पुरावर बातम्यांची कात्रणं जमवली आहेत. पुढे काय करायचं? (सांगली)

कात्रणं बाजूला ठेवा आणि आपल्या गल्लीत उतरा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. हे आकडे सांगलीत सगळ्यांना पाठ आहेत. पण आयर्विनला किती फूट झालं की आपल्या दारात पाणी येतं, हे किती घरांना नक्की माहीत आहे? तुम्ही ते शोधा.

बऱ्याच भिंतींवर २०१९ च्या पुराची रेघ अजून दिसते किंवा लोकांनी रंगाने खूण केलेली असते. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या. नळीत पाणी भरा, हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप चुकेल. एकाने नळीचं एक टोक पुराच्या रेघेशी धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक पुढच्या घराच्या भिंतीशी. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं, तिथे खडूने खूण करायची. आता त्या खुणेपासून उंबऱ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. समजा ते पाच फूट भरलं. पुराच्या उच्चांकातून पाच फूट वजा केले की त्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागण्याची पुलावरची पातळी ढोबळमानाने मिळते. ढोबळमानाने अशासाठी, की पुराचा पृष्ठभाग नदीच्या उताराबरोबर थोडा कलता असतो आणि गटारातून उलटं येणारं पाणी आधीही पोचतं. म्हणून एक-दोन फुटांची सूट धरा आणि लोकांना ‘पाणी लवकर आलं होतं का’ हे विचारून पडताळा.

चाळीस-पन्नास घरांचा तक्ता झाला की तो चौकात आणि नगरसेवकांच्या कार्यालयात लावा. आजींना केव्हा हलवायचं, गिरणीची मोटर केव्हा वर घ्यायची, हे या तक्त्यावरून ठरवता येईल.

आमच्या एनएसएस युनिटला डोंगराखालच्या वाड्यांत काम करायचं आहे. सरकारी दरडप्रवण यादीतली गावं घेतली तर पुरे का? (महाड, जि. रायगड)

नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री जिथे दरड कोसळली, ती खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती. यादी जरूर घ्या, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे बघा, पण यादीबाहेरच्या वाड्याही पायी फिरा. तुमच्याच तालुक्यातल्या तळीयेत २०२१ च्या जुलैमध्ये दरड कोसळून काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

गावकऱ्यांबरोबर वरच्या उतारावर जा. जमिनीला नवी भेग, झाडं किंवा विजेचे खांब कललेले, दारं अचानक अडकायला लागलेली, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालेलं किंवा नसलेल्या जागी पाणी फुटलेलं, या खुणा तारखेसह वहीत लिहा. आणि हे काम कोरड्या दिवसांत करा. मुसळधार पावसात उतारावर कुणीही जायचं नाही, प्रकल्पासाठी तर मुळीच नाही.

वाडीत एक पर्जन्यमापक बसवा. सरळ बाजूंचं, तळ सपाट असलेलं भांडं आणि मोजपट्टी पुरते. रोज सकाळी साडेआठला मोजा आणि भांडं रिकामं करा. तालुक्याचा आकडा वाडीला लागू पडतोच असं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. वाडीत पावसाचा जोर दोन-तीन दिवस टिकला आणि वरच्या खुणांपैकी एकही दिसली, तर वाट न बघता माणसं हलवायची, एवढं ग्रामसभेत आधीच ठरवून घ्या. पुणे जिल्ह्यातल्या माळीणला ३० जुलै २०१४ ला दरड सकाळी कोसळली आणि गाव दिसत नाही हे बाहेरच्यांना एसटीच्या चालकामुळे कळलं. संपर्क तुटतो तो असा.

आपद्ग्रस्तांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. प्रश्नावली तपासून द्याल का? (बी.ए. द्वितीय वर्ष, पुणे)

तपासली. पहिला प्रश्न ‘आपल्या घरातील किती व्यक्ती दगावल्या?’ हा आहे. तो काढा. ज्याचं उत्तर सरकारी नोंदीत मिळतं, ते माणसाच्या तोंडून वदवून घेऊ नका. घराबद्दल, शेताबद्दल, पुन्हा उभं राहताना कोणाची मदत झाली याबद्दल विचारा. सांगायचं असेल तर ते बाकीचं आपणहून सांगतात. आशाताई किंवा शिक्षकांबरोबर जा, रेकॉर्डिंग विचारूनच करा, रडणाऱ्या माणसाचा फोटो काढू नका. काम झालं की त्याची प्रत घेऊन परत जा. बहुतेक संशोधक परत जात नाहीत, आणि गावकऱ्यांना ते बोचतं.

आमच्याकडे धक्के बसत असतात आणि ‘आज रात्री मोठा भूकंप’ असे मेसेज फिरतात. खरं मानायचं का? (शिक्षिका, तलासरी, जि. पालघर)

नाही मानायचं, मॅडम. दिवस-वेळ सांगून भूकंपाचं भाकीत करणारी पद्धत आज जगात कुणाकडेही नाही. मुलांना मेसेज पुढे न पाठवायची सवय लावा आणि वर्गाची तपासणी त्यांच्याकडूनच करून घ्या: कपाट भिंतीला पक्कं आहे का, डोक्यावर जड वस्तू आहे का, मैदानाकडची वाट मोकळी आहे का. धक्का बसताना बाकाखाली, डोकं झाकून. थांबल्यावर रांगेत बाहेर. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा.