ऑकलंडहून तीन दिवसांसाठी गिसबर्नला जावं का? दहा वर्षांच्या मुलासह सर्फिंग शिकायला कुठला किनारा बरा?

जा. पण तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी "वाइनुई सगळ्यात सुंदर, तिथेच शिका" असं लिहिलंय, म्हणून लिहायला बसलो. ऑकलंडच्या आपल्या मंडळींत हा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. नवशिक्यासाठी तो चुकीचा आहे.

वाइनुई किनाऱ्याचं तोंड उघड्या पॅसिफिककडे आहे. लाट वाळूच्या उंचवट्यावर एकदम कोसळते आणि दोन उंचवट्यांच्या मधून पाणी वेगाने परत समुद्रात जातं. हीच रिप. जिथे लाट फुटत नाही आणि पाणी शांत, गडद दिसतं, तीच ती जागा, आणि नवीन माणूस नेमका तिथूनच आत शिरतो. पश्चिमेच्या वाऱ्यात वाइनुईच्या लाटा अप्रतिम होतात, पण ज्यांना सर्फिंग येतं त्यांच्यासाठी. तुम्ही वाइकानाएला जा. गावातला किनारा, बंदराच्या आडोशाला. बंदराच्या टोकाला लाटा सगळ्यात लहान, आणि पश्चिमेला मिडवे किनाऱ्याकडे सरकाल तशा मोठ्या. शिकवणारेही बहुतेक इथेच शिकवतात.

मोठ्या माणसाला आठ-नऊ फुटी फोमचा बोर्ड घ्या, सहा फुटी घेऊ नका. लहान बोर्डावर तोल शिकता येतो हा निव्वळ गैरसमज. जानेवारीत पाणी 18 ते 20 अंशांच्या आसपास असतं. तुम्हाला चालेल, मूल मात्र अर्ध्या तासात कुडकुडेल, म्हणून त्याला 3/2 मिलिमीटरचा (धडाला 3, हातापायांना 2) पूर्ण वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख. लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेला दोर, मागच्या पायाला. कमरेएवढ्या पाण्यात राहा, फुटून आलेला पांढरा फेस धरा. पायाची बोटं शेपटाला टेकतील आणि बोर्डाचं नाक पाण्यापासून थोडं वर राहील, असं झोपा. नाक बुडतंय म्हणजे तुम्ही फार पुढे आहात. लाटेने ढकलल्यावरही दोन हात मारा, मग तळवे छातीखाली घेऊन उठा. गुडघ्यावर थांबायची सवय लावून घेऊ नका, मग ती सुटत नाही. नजर किनाऱ्यावर, पायांकडे पाहिलंत की पडलात. पडताना डोकं खाली घालून सूर मारायचा नाही, सपाट पडायचं. आणि बोर्ड कधीही स्वतःच्या आणि येणाऱ्या लाटेच्या मधे धरू नका, तो सरळ तोंडावर येतो. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहणाऱ्यांची, बोर्ड त्याबाहेर. रिपमध्ये सापडलात तर बोर्ड सोडू नका, हात वर करा. प्रवाहाशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर जायचं.

मोठा पाऊस झाला असेल तर मात्र वाइकानाएसुद्धा नको. नदीचं मुख लगेच शेजारी. 1988 च्या बोला वादळानंतर इथल्या ठिसूळ डोंगरांवर पाइनची लागवड वाढली. आता तोडणीनंतरचे ओंडके आणि फांद्या प्रत्येक पुरात खाली येतात. लाटेतला ओंडका जीव घेऊ शकतो. कधीकधी सांडपाणीही नदीत सोडावं लागतं. किनाऱ्यावरची पाटी वाचल्याशिवाय उतरू नका.

म्हणून दिवसाची सुरुवात गिसबर्नमधल्याच तितिरंगी टेकडीवरून करा. वरून उपसागर दिसतो, पाणी गढूळ आहे का तेही कळतं. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. "जगातला पहिला सूर्योदय" हे गावाचं ब्रीद माझ्या मते जाहिरातीपुरतं. टेकडीचं महत्त्व वेगळं. ऑक्टोबर 1769 मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक तिच्या पायथ्याशी उतरला आणि त्याच्या माणसांनी "नाती ओनेओने" या माओरी कुळातल्या "ते मारो" नावाच्या माणसाला गोळी घालून मारलं. पुढच्या दोन दिवसांत आणखी माणसं मारली. हवं ते सामान मिळालं नाही म्हणून वर उपसागराला "पॉव्हर्टी बे", म्हणजे दारिद्र्याचा उपसागर, हे नाव! 2019 पासून अधिकृत नावात तूरांगानुई-आ-कीवा आधी येतं. त्याच वर्षी टेकडीवरचा कुकचा पुतळा संग्रहालयाकडे हलवला आणि ते मारोचं स्मारक उभं राहिलं. तेव्हा "कुकने शोधलेलं गाव" हे मुलाला सांगू नका. लोक इथे आधीच राहत होते.

पायथ्याशी ते पोहो-ओ-राविरी हे 1930 सालचं भलंमोठं कोरीव सभागृह आहे. ते पर्यटनस्थळ नाही, नांदतं मराए, म्हणजे माओरी लोकांचं एकत्र जमायचं ठिकाण आहे. आधी विचारून जा. अंत्यविधी चालू असेल तर परत फिरा. आत जाताना बूट बाहेर, खाणं-पिणं नाही, उशीवर किंवा टेबलावर बसणं नाही, परवानगीशिवाय फोटो नाही. याच भागातल्या मानुतुकेचं ते हाऊ की तूरांगा हे सभागृह सरकारने 1867 मध्ये उचलून नेलं आणि पुढे ते वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात उभं राहिलं, हे माहीत असलं की इथले लोक जपून का बोलतात ते कळेल.

हॉटेलचं म्हणाल तर गावात, वाइकानाएपासून चालत जाण्याइतकं जवळ कुठलंही घ्या. फक्त 29 ते 31 डिसेंबर टाळा, संगीतमहोत्सवामुळे खोल्या मिळत नाहीत. तिसऱ्या दिवशी रेरेची खडकावरची घसरगुंडी करा, गावापासून साधारण 50 किलोमीटर आत. पाऊस झाला असेल तर तीही नको, आणि ते पाणी एरवीही नाकातोंडात जाऊ देऊ नका.

गाडीने येणार असाल तर ओपोटिकीला टाकी भरा. तिथून गिसबर्नकडे येताना लागणाऱ्या वाइओएकाच्या घळीत बराच वेळ मोबाइलला रेंज नसते आणि दरडीमुळे रस्ता बंद होतो, त्यामुळे निघायच्या सकाळी रस्त्याची स्थिती बघूनच निघा.