खांद्याच्या दुखापतीनंतर ४२ पाउंडांच्या धनुष्यावरून २५ पाउंडांच्या धनुष्यावर आलो (पाउंड म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर) तर ती खरी धनुर्विद्या राहते का? सुरुवात कशी करावी?

राहते. तुम्ही लिहिलंय की तुमच्या मैदानावरचे जुने लोक २५ पाउंडांच्या पारंपरिक धनुष्याला 'पोरांचं' म्हणतात आणि त्यामुळे तुमचं पाऊल अडतंय. हेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

माझा उजवा खांदा, म्हणजे दोरी ओढायचा, यवतेश्वरच्या घाटात भर पावसात गाडी घसरून दुखावला. सुप्रास्पायनेटस हा स्नायू अर्धवट फाटल्याचं एमआरआयमध्ये दिसलं. ऑपरेशन लागलं नाही, पण फिजिओ आणि रबरी पट्ट्यांचे व्यायाम चालूच राहिले. पावसाळा सरला, दिवाळी झाली, तेव्हा कुठं हात डोक्यावर न दुखता जायला लागला. त्याआधी मी ४४ पाउंडांचा लाँगबो, म्हणजे पारंपरिक लांब धनुष्य, मारत होतो. तो खुंटीला टांगला आणि पाती, म्हणजे वाकणाऱ्या दोन्ही बाजू, बदलता येतील असं ६८ इंची टेकडाउन घेतलं, २६ पाउंडांच्या पात्यांसकट.

रहिमतपूरकडं आमचं थोडं रान आहे. ऊस तुटून गेला की बांधाला पाचट आणि चिंध्या दाबून भरलेली पोती लावतो आणि तिथंच मारतो. माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला आण्णा म्हणतो, शाळेपासून बांबूचं धनुष्य मारतोय. त्याचं धनुष्य ५० पाउंडांचं आहे आणि हे तो ओळख नसलेल्या माणसालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. माझी नवी पाती बघून म्हणाला, "आरं, हे काय धनुष्य हाय व्हय? लेकराच्या हातात द्यायचं." आणि वर, "शिवधनुष्य पेलायचं असतं बाबा, हलकं करून मागायचं नसतं."

माझे नवे बाण यायचे होते, तोवर जुनेच ५०० स्पाइनचे मारत होतो (स्पाइन म्हणजे बाण किती ताठ आहे त्याचं माप). सगळे डावीकडं पडत होते. पडणारच होते. ४४ पाउंडांना जुळलेला बाण २६ पाउंडांच्या दोरीनं पुरेसा वाकत नाही, धनुष्याला वळसा घालून सरळ जात नाही, आणि उजव्या हाताच्या माणसाचा ताठ बाण डावीकडं जातो. हे मी आण्णाला तिथंच सांगितलं. त्याचं एकच, "बाणाला कशाला नावं ठेवतोस, खांदा गेला तुझा." माझ्या बायकोसमोर म्हणाला, पोरांसमोर म्हणाला, पुढं एका लग्नाच्या पंगतीत पण म्हणाला. महिनोन्‌महिने रोज पट्टी ओढणाऱ्या माणसाला हे किती लागतं ते तुम्हाला कळेल.

मग ९०० स्पाइनचे बाण आले. स्पाइनचा आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. धनुष्य तेच, खांदा तोच, आणि बाण पोत्याच्या मधोमध यायला लागले. आण्णा बघत होता. त्यानं चहा मागवला आणि उसाच्या बिलाचा विषय काढला.

तुमचेही बाण डावीकडं जायला लागले, तुम्ही डावखुरे असाल तर उजवीकडं, तर खांद्याला दोष देण्याआधी बाण बदलून बघा. धनुष्याइतकाच खर्च बाणांचा धरा. बरे होऊन परत आलेले कितीतरी जण या एका कारणानं पुन्हा जड धनुष्याकडं वळतात आणि पुन्हा दुखवून घेतात, असं माझं मत आहे.

आता वजनाची गोष्ट. पारंपरिक धनुष्यावर लिहिलेले पाउंड २८ इंच ओढल्यावरचे असतात. शेवटच्या इंचांत दर इंचाला साधारण दोन-अडीच पाउंड वाढतात. आण्णा त्याचं ५० पाउंडांचं धनुष्य हनुवटीपर्यंत कधीच आणत नाही, चार बोटं आधीच सोडून देतो. म्हणजे त्याच्या बोटांवर येतात ४३-४४. मी २६ पाउंड पूर्ण ओढतो, दोरी गालाला टेकवतो, थांबतो, पाठीतून ताण ठेवतो आणि मग सोडतो. आमच्या दोघांत धनुष्य पेलतंय कोण, ते तुम्हीच ठरवा. शिवाय जड धनुष्याची दोरी बोटांतून स्वतःच ओढून निघते, सोडण्यातली चूक झाकली जाते. हलक्या धनुष्यात बोटं खरंच सैल सोडावी लागतात. जरा ओढाताण झाली की बाण लगेच दाखवतो.

दुसरा युक्तिवाद आमच्या सातारा जिल्ह्यात हमखास होतो. आपली आदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जगज्जेती झाली, सतरा वर्षांची होती, ती केवढं ओढते बघा! अभिमान मलाही आहे. पण ती कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, मारते. कंपाउंडला आंतरराष्ट्रीय नियमांत ६० पाउंडांपर्यंत मुभा आहे, तरी पूर्ण ताणल्यावर चाकांमुळं हातात त्याच्या पाव-तिसरा हिस्साच उरतो. आपल्या धनुष्यात उलटं, नेम धरायच्या क्षणीच सगळ्यात जास्त भार. दोन्हींची तुलना करणाऱ्याला मी हल्ली उत्तर देत नाही.

आणि 'पूर्वीचे लोक शंभर-शंभर पाउंड ओढायचे' हे खरं आहे. १५४५ साली बुडालेलं मेरी रोझ हे इंग्लंडचं जहाज १९८२ साली वर काढलं, त्यातली कित्येक धनुष्यं १०० पाउंडांच्या पुढची असल्याचा अंदाज आहे. पण त्याच जहाजातल्या सांगाड्यांपैकी नेहमीपेक्षा जास्त जणांच्या खांद्याच्या टोकाचं हाड नीट जुळलेलंच नव्हतं, आणि अभ्यासकांनी त्याचा संबंध लहानपणापासून जड धनुष्य ओढण्याशी लावला. पूर्वजांचा दाखला देणाऱ्यांनी त्यांचे खांदेही बघावेत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ४२ वरून २५ बरोबर आहे, २२ असलं तरी चालेल. ३० नको. ४० पाउंड म्हणजे अठरा किलो. साठ बाण मारले तर खांद्यानं हजार किलोच्या वर ओढलेलं असतं. २५ पाउंडांत तेच सातशेच्या आत येतं. पूर्ण ओढून, न थरथरता दहा सेकंद धरता आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा गप्प राहिला, तर वजन बरोबर. दोन पाउंडांहून मोठी उडी घेऊ नका, आणि ज्या आठवड्यात वजन वाढवाल त्या आठवड्यात बाण कमी करा. धनुष्य लांब घ्या. आखूड, घोडेस्वारी पद्धतीचं धनुष्य शेवटच्या इंचांत एकदम जड होत जातं, दुखऱ्या खांद्याला ते नको. धनुष्य डोक्यावर उचलून ओढत खाली आणायची सवय असेल तर ती सोडा, खांद्याच्या उंचीवरच ओढा. पहिले काही आठवडे आठ-दहा मीटरवरून, समोर नेमाचा कागद न लावता मारा.

'जुनंच धनुष्य अर्धं ओढ' हा सल्ला तुम्हाला मिळेलच. मलाही मिळाला, कुणाकडून ते सांगायला नको. ऐकू नका. अर्ध्यावर पाठीचे स्नायू कामाला लागतच नाहीत, सगळा भार खांद्याच्या पुढच्या बाजूवर राहतो आणि दोरी टेकवायला जागा मिळत नाही. बांबूचं असेल तर पोटाकडून, म्हणजे आपल्याकडच्या बाजूनं, तासून हलकं करता येतं, पाठीची, म्हणजे पलीकडची, साल अजिबात न दुखवता. पण तासलेलं परत येत नाही. वडिलांच्या हातचं वगैरे असेल तर तसंच ठेवा, नवं करून घ्या. हात बदलून डाव्यानं ओढायचा विचारही सोडा. धनुष्य धरणाऱ्या खांद्यावर तेवढाच दाब येतो, म्हणून तुमचा कुठला खांदा दुखावलाय हे न कळताही मी वजनाबद्दल एवढं ठामपणे लिहितोय.

हे सगळं फिजिओनं परवानगी दिल्यावरचं आहे, हे आधीच लिहायला हवं होतं. त्या कुशीवर झोपल्यावर रात्री अजून कळ येत असेल तर २० पाउंडही ओढू नका. चाळिशीच्या पुढं असाल, साखर असेल आणि कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर वळवताच येत नसेल, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. त्याला वर्ष-दोन वर्षंही लागतात आणि पाउंड कमी करून ते टळत नाही. आधी तेवढं तपासून घ्या, पाती त्यानंतर मागवा.