नवी मुंबईहून दोन दिवस अलिबागच्या बाजूला जायचंय, बीचवर नुसतं बसण्यापलीकडे काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की बरोबर सहा वर्षांची मुलगी आहे, आई आहे, आईंचे गुडघे दुखतात, आणि मागच्या वेळी गेलात तेव्हा दुपारी पोचलात, भरती होती, गर्दी होती, मका खाल्ला आणि परत आलात. वाचून वाईट वाटलं, कारण बहुतेक लोकांचं असंच होतं आणि दोष किनाऱ्याचा नसतो. लोक हॉटेल बघतात, रिव्ह्यू बघतात, पण भरती-ओहोटीची वेळ बघत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी ओहोटी कधी आहे ते बघा आणि मग त्याभोवती दोन दिवस बसवा.

आम्ही करावे गावचे, म्हणजे नेरूळचं जुनं गाव, आजोबा खाडीत मासेमारी करायचे. त्यांनी शिकवलेला हिशेब अजून वापरतो. कॅलेंडरवर तिथी बघायची, शुद्ध असो की वद्य, तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती, आणि तिथून सहा-सव्वासहा तास पुढेमागे गेलात की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास पाणी पार आत गेलेलं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मोबाईलवर टाइड टेबल पण बघून घ्या, पण सुट्टीची तारीख ठरवायला हा हिशेब पुरतो. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तेवढंच खूप उतरतं, पण ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी धड चढत नाही धड उतरत नाही. तुमच्यासारख्यांना चतुर्थी-पंचमीचा शनिवार-रविवार मिळाला तर सगळ्यात छान, सकाळी नऊ-दहाला ओहोटी, ऊन चढायच्या आत सगळं करून होतं.

ओहोटी एवढी का महत्त्वाची तर पहिलं कारण कुलाबा किल्ला. अलिबागच्या बीचवर उभं राहिलात की समोर पाण्यात दिसतो तोच. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, आईंना चालणं जड जात असेल तर घोडागाडी मिळते, मुलीला तर तीच मोठी मजा. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू केलं, पुढे संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झालं, आणि नंतर कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. आत गणपतीचं सुंदर देऊळ आहे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे, मुलीला ती नक्की दाखवा. पाणी सगळ्यात कमी व्हायच्या तास-दीड तास आधी निघा आणि ओहोटी पूर्ण झाली की परतीला लागा. आम्ही एकदा तटावर गप्पा मारत बसलो, खाली उतरलो तेव्हा वाटेत मांडीपर्यंत पाणी आलेलं, धाकटा भाऊ आठ वर्षांचा होता, त्याला खांद्यावर घेऊन निघालो आणि अर्ध्यातून परत फिरलो, शेवटी बोटीने आलो. भरतीला बोटी नेतात आणतात ते ठीक, पण त्या दिवशी भावाचा रडवेला चेहरा बघितला तो अजून विसरलो नाही. सपाट किनाऱ्यावर भरतीचं पाणी फक्त समोरून येत नाही, तुमच्या पाठीमागचे खळगे आधी भरतात आणि तुम्हाला कळत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरं कारण म्हणजे ओल्या वाळूवर जे दिसतं ते भरतीला दिसतच नाही. मुलीला आक्षीला न्या. अलिबाग आणि नागावच्या मध्ये आहे, अलिबागपेक्षा खूप शांत, सुरूचं बन आहे, आईंना सावलीत खुर्ची टाकून बसता येतं. माझ्या आत्याचं सासर तिथलंच म्हणून लहानपणापासून जातोय. पाणी उतरलं की वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते, मध्ये एक भोक आणि त्याभोवती किरणांसारख्या गोळ्यांच्या रांगा. ते हरभऱ्याएवढ्या खेकड्यांचं काम. वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं वेगळं करायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकायची, भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला परत सुरू. पाच मिनिटं हलायचं नाही असं मुलीला सांगा, खेकडे बाहेर येतात, तुम्ही हललात की सगळे एकदम गडप. थंडीत गेलात तर कुरव आणि बाकीचे किनाऱ्यावरचे पक्षी मोठ्या थव्यांनी बसलेले असतात, दुर्बीण असेल तर घ्या, आणि कृपा करून त्यांना शेव-गाठ्या घालू नका. शंख रिकामे असतील तेच उचलू द्या, आत जीव असलेला शंकूसारखा नक्षीदार शंख हातात अजिबात नको, त्यातल्या काही जाती विषारी डंख मारतात. आक्षीलाच जुना शिलालेख आहे, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा, बरेच अभ्यासक त्याला मराठीतला सगळ्यात जुना मानतात. जाता जाता दहा मिनिटं थांबा, हजार वर्षांपूर्वीची आपली भाषा दगडावर बघताना माझ्या तरी अंगावर काटा येतो.

राहायला नागाव बघा. नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये घरगुती राहायची सोय असते, जेवण घरातलंच, आधी सांगितलं की ताजं मिळेल ते करून देतात, बोंबील मांदेली सुरमई, कधी नशिबात असेल तर जिताडा. डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर पोपटी होईल का ते विचाराच, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर चिकन, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ, पाण्याचा थेंब नाही. दोन दिवसांतलं सगळ्यात जास्त लक्षात राहणारं जेवण तेच होईल. मार्चच्या आसपास गेलात तर परतताना पांढऱ्या कांद्याची माळ घ्या, तिखट नसतो, मुलं कच्चा खातात. नागावच्या बीचवर बनाना राइड, जेट स्की, पॅरासेलिंग सगळं आहे, लाइफ जॅकेटचे सगळे बेल्ट स्वतः तपासल्याशिवाय मुलीला बसवू नका, घाई करतात ते, आपण करायची नाही.

दुसऱ्या दिवशी बरेच जण काशीद आणि मुरुड-जंजिरा पण धरतात. मी म्हणेन आई आणि लहान मुलगी बरोबर असताना नको, सगळा वेळ गाडीत जातो, आणि जंजिऱ्याला होडीत चढणं-उतरणं गुडघेदुखीच्या माणसाला अवघडच. त्यापेक्षा चौलला रामेश्वराचं देऊळ आणि पुढची पुष्करणी बघा, मग रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या किल्ल्याची तटबंदी, ती थेट समुद्राला लागून आहे. तिथून खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर दिसतो, त्या गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली वेगळी बोली घराघरात बोलतात.

काशीदला गेलातच तर एक कळकळीने सांगतो, किनारा देखणा आहे पण पाण्याला ओढ फार, गुडघ्याच्या पुढे जाऊ नका. लाटांनी आणलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून परत आत ओढलं जातं, तिथे लाट फुटत नाही, पाणी शांत दिसतं, म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढला गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं, मग बाहेर यायचं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडला सहलीला आलेली पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली. त्यांच्या आईवडिलांचा विचार आला की अजून पोटात कालवतं. पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नका, मच्छीमारांच्या यांत्रिक बोटी सुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असतात.

जायचं कसं ते थोडक्यात. गाडीने पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, पनवेलपासून साधारण पाऊणशे किलोमीटर, पण शनिवारी सकाळी सातच्या आत वडखळ ओलांडा, नाहीतर तिथेच दीड-दोन तास जातील. एसटी पनवेलहून मिळते. मला स्वतःला आवडतो तो रस्ता वेगळाच, नेरूळ किंवा बेलापूरहून लोकलने उरण (जानेवारी २०२४ पासून गाडी थेट उरणपर्यंत जाते, ठाण्याहून येणाऱ्यांनी नेरूळला बदलायची), तिथून रिक्षाने करंजा, करंजाहून लाँचने पंधरा-वीस मिनिटांत रेवस आणि पुढे अलिबाग. मुलीला लोकल, बोट, एसटी सगळं एका दिवसात मिळतं. फक्त ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, शेवाळ असतं, आईंसाठी ही वाट नको, किंवा भरती असताना गाठा.

आणि दोन दिवस जमलेच नाहीत तर याच लोकलने उरणच्या पिरवाडीला अर्ध्या दिवसात जाऊन या. तो किनारा खडकाळ आहे, पोहायचा नाही, पण ओहोटीला खडकांच्या डबक्यांत छोटे मासे आणि खेकडे अडकलेले असतात, मुलीला चप्पल घालूनच फिरू द्या, खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे धारदार शिंपले, पाय कापतात. तारीख नक्की झाली की इथेच खाली लिहा, मी तिथी बघून दोन्ही दिवसांच्या ओहोटीच्या वेळा काढून देतो.